दादानं बदललेला आवाज

माझ्या लॅपटॉपमधून परकी बाई बोलली.

"सुस्वागतम," ती म्हणाली आणि थांबली. आवाज गोड होता, बातम्या देणाऱ्या बायकांसारखा, एकेक अक्षर धुऊन पुसून समोर ठेवणारा. मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

"मॅडम, हे माझं यंत्र नाही," मी म्हणाले.

"तुमचंच आहे हो. मघाशी तुमच्या भावानंच टेबलावर आणून ठेवलं," निंबाळकर मॅडम म्हणाल्या. परीक्षेवर देखरेख त्यांची होती. "झाकणावर गणपतीचं चित्र चिकटवलंय बघा."

मी झाकण चाचपलं. गणपती होता, सोंडेपाशी कागद उचकटलेला. यंत्र माझंच होतं. बाई तेवढी माझी नव्हती.

मी जन्मापासून आंधळी. लॅपटॉपचा पडदा मला कशाला हवा? त्यावर जे उमटतं ते यंत्र मला वाचून दाखवतं, आणि मी ते कानानं वाचते. वाचून दाखवणारा माझा जो आवाज होता, त्याला मी पत्र्या म्हणायची. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा तो बोले, आणि मी त्याला इतका भरधाव सोडलेला असे की डोळसांना तो यंत्राचा बिघाडच वाटायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "वैजू, तुझ्या मशीनला उचकी लागली बघ." मला मात्र त्याचं अक्षर न् अक्षर कळायचं. आंधळी माणसं तशीच ऐकतात. तुम्ही नाही का पान वरून खाली झरकन नजरेनं चाळत, तसंच ते.

आणि आज पत्र्याच्या जागी ही बाई. परीक्षेच्या दिवशी!

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत अंध उमेदवारासाठी लिपिकाची एक जागा निघाली होती. एकच. लेखी परीक्षेतून आम्ही दोघं संगणकाच्या परीक्षेपर्यंत पोचलो होतो, मी आणि सिद्राम नावाचा मुलगा. आपापलं बोलकं यंत्र आणायला परवानगी होती. वयाची अट मी त्या वर्षीच ओलांडणार होते, म्हणजे पुन्हा जागा निघाली तरी माझ्या कामाची नव्हती. ही गेली की आयुष्यभर दादाच्या घरात, दादाच्या ताटातलं. दादानं कधी तसं जाणवू दिलं नाही, पण खाणाऱ्याला जाणवतंच की.

"पहिला पेपर श्रुतलेखनाचा," मॅडम म्हणाल्या. "मी पत्राचा मजकूर सांगेन, तुम्ही टाइप करायचं. दुसरा पेपर तक्त्याचा. फाइल यंत्रावर दिलेली आहे, ती वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची. आता कोरा कागद उघडून तयार राहा."

मी कळ दाबली. काही नाही. दुसरी दाबली. बाई गप्प. मग फार वेळानं, परातीतलं पीठ सावकाश मळत असल्यासारखी, ती म्हणाली, "प्रारंभ... सूची."

ती मी मघाशी दाबलेली कळ होती. शेजारी सिद्रामचा आवाज कलकलत पुढं निघून गेला होता.

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की बाई हळू बोलते, तिला पळवावं. वेग वाढवायच्या कळा माझ्या बोटांना पाठ होत्या. दाबल्या. बाई खरंच भरभर बोलायला लागली, पण दोन शब्दांच्या मधली वाट तेवढीच लांब राहिली. म्हणजे खोट तिच्या जिभेत नव्हती.

मी कळांवरचे हात उचलले आणि ऐकलं.

हे मला मिस्कीन सरांनी शिकवलेलं. अंधशाळेत ते आम्हाला संगणक शिकवायचे, स्वतःही आंधळे. ते म्हणायचे, "यंत्र अडलं की कळा बडवत बसू नका. आधी कान लावा. पंखा घोंघावत असेल तर प्रोसेसर घामाघूम झालाय, त्याला काम जास्त झालंय. पण पंखा गप्प आणि आतली डिस्क कट् कट् करत असेल, तर प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसलाय. मेमरी भरलीय. त्याला लागणारा माल डिस्कवरून येतोय आणि तो वाट बघतोय."

"पण सर, माल यायला कितीसा वेळ लागतो?" मी विचारलं होतं.

"मेमरीतून घेणं म्हणजे शेजारच्या फळीवरून मीठ घेणं. डिस्कवरून आणणं म्हणजे मिठासाठी पायी पुण्याला जाऊन येणं. दुकानदार तुम्हाला प्रोसेसरचा वेगच सांगणार, तो आकडा मोठा असतो ना! चिमुकल्या लॅपटॉपला फळी केवढी आहे ते विचारा."

घरी येऊन मी हे दादाला सांगितलं होतं. दादा म्हणजे विरूपाक्ष हावळ, इचलकरंजीत मागाच्या शेडवर जॉबर. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, ही त्याची कला. त्यानं ऐकून घेतलं आणि मला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजे माग कितीबी पळू दे, धोट्यातली कांडी संपली आणि भरलेली कांडी हाताशी न्हाई, तर माग हुबाच. व्हय न्हवं?" अगदी तसंच होतं. धोट्यात सूत पुरवणारी कांडी म्हणजे मेमरीतला माल. मिस्कीन सरांना मी हा दाखला सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या भावाला इथं शिकवायला आण."

आणि आता ऐकलं तर पंखा गप्प होता. आत डिस्क मात्र उंदरानं फळी कुरतडावी तशी अखंड कट् कट् करत होती.

ही गोड बाई पुरी मेमरी अडवून बसली होती. पत्र्या हलका गडी, कोपऱ्यात मावायचा. हिचा एकेक सूर खऱ्या बाईच्या आवाजातून घेतलेला असणार, आणि तेवढं सगळं सामान माझ्या यंत्राच्या इवल्याशा फळीवर मांडलं गेलं होतं. कोरा कागद ठेवायला जागा उरली नव्हती.

हे कुणी केलं ते कळायला ज्योतिषी नको होता. आदल्या संध्याकाळी चार्जरची पिन सैल झाली म्हणून दादा लॅपटॉप बाजारातल्या दुकानात घेऊन गेला होता. येताना फारच खुशीत होता. "उद्या चालू करशील तवा बघ," म्हणाला. मला वाटलं पिन घट्ट झाली त्याचाच आनंद.

"तयार?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, माझं यंत्र..."

"यंत्राची जबाबदारी उमेदवाराची, हे परीक्षेच्या बोलावण्यात लिहिलं होतं. मला काही करता येणार नाही हो. सुरू करू?"

त्या वाईट बोलल्या नाहीत. नियम सांगितला. माझ्या छातीत मात्र शेडमधले सगळे माग एकदम सुरू झाले. आवाज बदलायला सूचीतून सूचीत जावं लागलं असतं, आणि बाई एकेका पायरीवर ठाण मांडून बसणार. पत्र तोवर संपलं असतं.

मग मी वाचकच बंद केला. म्हणजे यंत्राचं बोलणंच.

डिस्क थोडा वेळ कुरतडत राहिली आणि मग निवांत झाली. आता माझ्यापुढं कळा होत्या आणि शांतता. आंधळ्या माणसानं आवाज बंद करून टाइप करणं म्हणजे डोळसानं डोळे मिटून रस्ता ओलांडणं. कोरा कागद उघडायच्या कळा मी दाबल्या, पण तो उघडला की नाही ते सांगायला कुणी नव्हतं. मध्येच कुठली चौकट उगवली असेल, अक्षरं तिच्यात जात असतील किंवा कुठंच जात नसतील, तर मी आख्खं पत्र हवेत लिहिणार होते.

"प्रति, माननीय शाखाधिकारी," मॅडमनी सुरुवात केली.

मी टाइप करू लागले. बाजूला सिद्रामचं यंत्र प्रत्येक शब्दाला हुंकार देत होतं, आणि माझं दगडासारखं बसलं होतं. "उपरोक्त विषयास अनुसरून," मॅडम म्हणाल्या. उपरोक्तमधल्या जोडाक्षरावर बोट घसरलं असं वाटलं. पुसावं की नाही? पुसलं आणि चुकलंच नसेल तर बरोबरचं जायचं. बोटाला जे वाटतं त्यावर विश्वास ठेवायचा, असं ठरवलं आणि एक अक्षर मागं येऊन पुन्हा लिहिलं. मॅडम पुढं गेल्या होत्या. मी शब्द डोक्यात धरून ठेवत त्यांच्या मागं धावत होते.

"कळावे. आपला विश्वासू," मॅडम म्हणाल्या. "संपलं. फाइल जतन करा."

मी जतन करायच्या कळा दाबल्या आणि कान लावला.

आत डिस्कनं एकच टिचकी मारली. कट्.

रडू येईल की काय असं झालं मला. काहीतरी जतन झालं होतं, म्हणजे कागद उघडलेला होता. त्यावर मी लिहिलं होतं ते उमटलं असणार, निदान बरंचसं.

"दुसऱ्या पेपरआधी थोडी विश्रांती," मॅडम म्हणाल्या. "तोवर यंत्राला हात लावायचा नाही."

विश्रांती कसली! लिहायला आवाज नसला तरी चाललं. पण तक्ता वाचायचा होता, आणि वाचायला आवाज हवाच. वाचक सुरू केला की बाई पुन्हा सगळं सामान घेऊन येऊन बसणार. ती आली की कळांवर कळा दाबून पत्र्याला बोलवायचं, तेही बाईच्या उत्तराची वाट न बघता. ते मला जमलं असतं. आवाजांची यादी उघडायची, पत्र्याच्या खऱ्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, मग एंटर. पण दुकानदारानं पत्र्याला काढूनच टाकलं असेल तर? मग यादीतलं भलतंच काही लागायचं, आणि ते कळेपर्यंत अर्धा वेळ गेलेला असायचा. त्यापेक्षा बाईवरच भागवून जमतील तेवढे प्रश्न सोडवलेले बरे. दोन्हीतलं एकच करता येणार होतं, आणि काय करायचं ते एका गोष्टीवर ठरत होतं. पत्र्या आत होता की नव्हता?

"मॅडम, माझ्या भावाला एक गोष्ट विचारू का? काल त्यानं यंत्रात काहीतरी बदल करून आणलेत. पेपरमधलं काही नाही, तुमच्या समोर विचारते."

मॅडमनी परवानगी दिली. "एकच प्रश्न. ते दारातून आत येणार नाहीत आणि तुम्ही जागेवरून उठायचं नाही."

त्यांनी दार उघडलं. बाहेरच्या व्हरांड्यात दादा सिद्रामच्या वडिलांशी बोलत होता. सिद्रामचे वडीलही इचलकरंजीचेच, मागावरचेच. सकाळपासून दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या, मोठमोठ्यानं, जशा आमच्या गावात सगळ्यांच्याच असतात. शेडच्या खडखडाटात जन्म गेला की माणूस घरातही ओरडूनच बोलतो.

"हावळ, इकडं या. उंबऱ्यातच थांबा. बहिणीला काही विचारायचंय."

दादाच्या वहाणा दारापाशी आल्या. मशीन ऑइलचा वास आला, धुतलेल्या सदऱ्यालाही चिकटून राहणारा.

मी होते तशीच बसले होते, हात झाकणावर, तोंड यंत्राकडं. म्हणाले, "दादा, जुना आवाज काढून टाकला काय रे, का अजून आत हाय?"

दादा काही बोलला नाही.

मला वाटलं लाजला. लोकांसमोर आपली चूक निघाली म्हणून गप्प बसला. "दादा, सांग की. वेळ न्हाई. काढलाय का आत हाय?"

"अहो, बहीण विचारतेय तुमची," मॅडम म्हणाल्या.

"व्हय," दादा म्हणाला.

"व्हय काय? काढलाय का ठेवलाय?"

"व्हय, व्हय. झ्याक झालंय. तू घाबरू नगंस."

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं आयुष्य इथं टांगणीला लागलेलं आणि हा माणूस नंदीबैलासारखी मान हलवतोय! मी कडक काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्याचा तो व्हय कानात पुन्हा वाजला, आणि हा व्हय मी घरात किती वेळा ऐकलाय ते आठवायला लागलं. भाजी आणलीस काय? व्हय. कितीला दिली? व्हय व्हय. मी म्हणायची, दादाचं ध्यानच नसतं.

मी मान वळवली नाही. मघाच्याच आवाजात, जराही न चढवता, विचारलं, "दादा, तुझं नाव काय?"

"व्हय," दादा म्हणाला.

त्याला माझं काही ऐकूच आलं नव्हतं.

शेडमध्ये कुणी कानानं ऐकत नाही. तिथं ओठ बघून बोलणं कळतं, हातवाऱ्यांवर काम चालतं. दादाला ते लहानपणापासून येत होतं. घरातही तो मला सारखा म्हणायचा, "माणसाकडं तोंड करून बोलावं गं." मला वाटायचं तो मला चारचौघांतली रीत शिकवतोय. आज मी यंत्राकडं तोंड करून बसले होते आणि त्याला माझे ओठ दिसत नव्हते.

"काय म्हनती बहीण?" सिद्रामच्या वडिलांनी मागून विचारलं. ते जवळ येऊन उभे राहिले होते.

मी तोंड वळवून मोठ्यानं विचारलं असतं तर दादानं उत्तर दिलं असतं. पण आता मॅडमही कान देऊन ऐकत होत्या आणि ते सिद्रामचे वडीलही. तोंड वळवून ओरडल्यावरच उत्तर मिळतं हे दिसलं असतं, किंवा दादा आणखी एकदा भलतंच व्हय म्हणाला असता, तर त्या माणसाच्या लक्षात आलं असतं. तो संध्याकाळी गावात उतरला असता. आणि ज्या जॉबरला मागाचा आवाज ऐकू येत नाही त्याला कोणता शेठ ठेवतो?

"काही नाही मॅडम," मी म्हणाले. "मला पाहिजे होतं ते कळलं."

"कळलं? काय कळलं? मला तर काही..."

"आमच्या घरचं बोलणं असतं हो. दार लावा. मी तयार आहे."

दार लागलं. मला काहीएक कळलेलं नव्हतं. पत्र्या आत आहे की नाही, सकाळी होतं तेवढंच अज्ञान. पण आता बाईवर भागवून जमतील तेवढे प्रश्न सोडवणं मला परवडणार नव्हतं. सिद्राम हुशार होता, चांगला पळत होता. थोडेथोडके गुण घेऊन मी त्याच्या मागं राहिले असते. आणि आता ती नोकरी एकटीच्या ताटासाठी नव्हती.

"दुसरा पेपर सुरू," मॅडम म्हणाल्या.

वाचक सुरू केला. डिस्क खवळली. बाईनं "सु" म्हटलं आणि अडकली. मी तिच्यासाठी थांबले नाही. यादी उघडायच्या कळा, पत्र्याच्या नावाचं अक्षर, एंटर. मग हात मांडीवर घेतले. आता एक जरी कळ जास्त दाबली असती तर यंत्र आणखीच गोंधळलं असतं.

कट् कट् कट् कट्.

बाजूला सिद्रामचं यंत्र तक्ता वाचू लागलं. त्याच्या कळा वाजत होत्या. मी बसून. मॅडमच्या चपला माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या. "काही अडचण?" त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"...स्वागतम," बाई म्हणाली. मग काही नाही. डिस्क कुरतडतेय. मी देवाचं नाव घेतलं नाही, मला तेव्हा आठवलंच नाही. मी फक्त पंखा ऐकत होते. तो गप्प होता, गप्प होता, आणि मग हळूच घों करून उठला. प्रोसेसरच्या हातात काम आलं होतं. डिस्कची कटकट विरळ झाली, तुटक झाली, थांबली.

आणि पत्र्याच्या डब्यातले खडे खडखडले.

पुढचं सांगण्यासारखं विशेष नाही. मी तक्ता वाचला. पत्र्या पळाला आणि मी त्याच्या पुढं पळाले. शेवटचा एक प्रश्न राहिला, उरलेले झाले. मॅडमनी फाइल काढून घेतली तेव्हा माझी बोटं टेबलावर आपोआप नाचत होती.

बाहेर आल्याबरोबर दादानं माझा दंड धरला. "कसा गेला?" व्हरांडा दणाणला. मी त्याच्याकडं तोंड करून म्हणाले, "चांगला." त्यानं पाठीवर थाप मारली. सिद्रामचे वडील हसले, आम्हाला उसाचा रस पाजतो म्हणाले. दादानं घाई आहे सांगून त्यांना टाळलं. बोलणं टाळायची त्याची ही हातोटी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, दिसली म्हणजे आपलं म्हणायचं.

इचलकरंजीची एस.टी. मिळाली. आम्हाला मागचं बाक मिळालं, इंजिनाचा आणि पत्र्यांचा नुसता कल्लोळ. तिथं काहीही विचारायचं म्हणजे ओरडावं लागणार. मी लॅपटॉप मांडीवर उघडला, आवाज बंद केला, आणि मराठीत टाइप केलं, "दादा, तुला कधीपासून ऐकू येत नाही?" यंत्र त्याच्याकडं वळवलं.

त्यानं वाचलं की नाही मला दिसणार नव्हतं. पण माझ्या दंडाला लागलेला त्याचा हात ताठ झाला.

"कोन म्हनलं?" दादा म्हणाला.

"तूच. मघाशी नाव विचारलं तर व्हय म्हणालास," मी टाइप केलं.

मग तो म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासनं. बारीक आवाज आधी गेलं. आता मोठंबी जात्यात." एवढं तो इतक्या मोठ्यानं बोलला की पुढच्या बाकावरची बाई चुळबुळली.

"मग माग कसे लावतोस?"

"हात ठिवतो मागावर. थरथर कळती की. शेठला अजून समजलं न्हाई. समजलं तर दुसऱ्या दिवशी हातात पिशवी देईल."

मी लिहिलं, "आणि माझा आवाज का बदललास?"

गाडी कुठल्याशा थांब्यावर थांबली, माणसं उतरली, चढली.

"तू सराव करायचीस न्हवं?" तो म्हणाला. "मी म्होरं बसायचो, कागद धरून. तू लिव्हायचीस, त्यो पत्र्या वाचायचा, आणि बरोबर का चूक ते मी सांगायचं, असं तूच ठरवलंवतंस. मला त्याचं कायच कळायचं न्हाई. म्हनून बरोबर हाय, बरोबर हाय म्हनायचो. काल दुकानात म्हनलं, जरा सावकाश, नीट बोलनारं कुनीतरी घाला. त्यानं ही बाई लावली. आणि वैजू, हिचं मला सगळं कळलं बघ. शब्द न् शब्द. दुकानात हुबा राहून मला वाटलं, माझं कान परत आलं."

मी त्याचा हात घट्ट धरला. नखांत कायमचं बसलेलं काळं तेल माझ्या बोटांना खरखरीत लागत होतं.

मग एका हातानंच लिहिलं, "हळू बोल. सगळी गाडी ऐकतेय."

त्यानं आवाज खाली आणला. पण किती खाली आणला ते त्याला कसं कळणार? इतका आणला की मलाच ऐकू येईना. त्याच्या तोंडाशी कान नेला तेव्हा कळलं, तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"लागंल न्हवं गं नोकरी?"

मला चालायला शिकवणारा, रस्ता ओलांडायला शिकवणारा, कुणी आंधळी म्हणून हिणवलं तर अंगावर धावून जाणारा माझा दादा. जन्मात पहिल्यांदा तो मला धीर मागत होता.

नोकरी मला लागली, पण ते कळायला उन्हाळा उजाडला. त्या संध्याकाळी त्या गाडीत मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पत्रातल्या किती अक्षरांवर बोट घसरलं होतं तेही नव्हतं ठाऊक. मी त्याचा हात सोडला, दोन्ही हात कळांवर ठेवले आणि टाइप केलं, "लागणार."

यंत्र त्याच्याकडं वळवलं आणि तो वाचेपर्यंत थांबले.